मे महिन्यातली गच्ची : दुपारी माना टाकणारी झाडे आणि पाण्याचा हिशेब

गच्चीवरची_माती (पुणे)

नमस्कार. गेली ११ वर्षे मी पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत बाग करते आहे. कुंड्या, वाफे आणि अर्धी कापलेली पिंपे धरून आज ४२ झाडे आहेत. हा धागा काढण्याचे कारण मात्र जे त्रेचाळिसावे झाड आता नाही ते आहे.

गेल्या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात, अर्ध्या पिंपात लावलेले माझे सहा वर्षांचे कागदी लिंबू दुपारी दोनच्या सुमारास पाने खाली सोडून उभे असलेले मला दिसले. मी लगेच बादलीभर पाणी घातले. संध्याकाळी पाने सावरली, तेव्हा ती पाण्यानेच सावरली अशी माझी खात्री पटली आणि पुढचे पंधरा दिवस मी सकाळी, दुपारी आणि रात्री असे तीन वेळा पाणी घालत राहिले. महिनाअखेरीस पाने पिवळी पडून गळू लागली. ऊन वाढले म्हणून असे होत असावे असे समजून मी पाणी आणखी वाढवले आणि जून लागता लागता झाड गेले. पिंप आडवे करून मातीचा गड्डा बाहेर काढला, तेव्हा तळाच्या वीतभर मातीला गटारासारखा वास येत होता. मुळी चिमटीत धरून ओढली की तिची साल भिजलेल्या सुतळीसारखी हातात येत होती आणि आत नुसता पांढरट दोरा उरत होता. वरची चार बोटे माती मात्र कोरडी होती, आणि मी रोज तेवढीच पाहत होते.

त्यानंतर वाचन केले, चार जाणत्या माणसांना विचारले आणि यंदा एप्रिलपासून रोज वहीत नोंदी ठेवल्या. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, निदान माझ्या गच्चीत तरी, मे महिन्यात झाडे उन्हापेक्षा माझ्या काळजीने अधिक मेली आहेत. भर दुपारी पानांवाटे जितके पाणी उडते तितके मुळांना त्या वेळी वर चढवता येत नाही, मग माती ओली असो वा कोरडी. पान मऊ पडून खाली लोंबले की त्यावर पडणारे ऊनही कमी होते. भोपळा, दोडका, जास्वंद, वांगे ही मोठ्या पानांची मंडळी हे रोज करतात आणि साडेसहाला पुन्हा ताठ होतात. म्हणून दुपारच्या पानाकडे पाहून पाणी घालणे मी बंद केले आहे. सकाळी सहा वाजता जे झाड मान टाकून असते तेच तहानलेले, असे धरून मी चालते. आणि तेव्हाही आधी बोट दोन पेरे मातीत घालून पाहते, कारण कुजलेल्या मुळांचे झाडही सकाळी असेच दिसते.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. ऊन पानांना जेवढे लागते त्याहून जास्त कुंडीला लागते. स्वयंपाकघरातला काडीचा तापमापक एके दिवशी दुपारी तीन वाजता कुंड्यांमध्ये खुपसून पाहिला. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत पश्चिमेकडच्या कडेला ४६ अंश, त्याच कुंडीच्या मध्यावर ३८, शेजारच्या मातीच्या कुंडीत ३५. कोवळी मुळे नेमकी कडेलाच वळसे घालून वाढलेली असतात, म्हणजे ती रोज तीन-चार तास भाजून निघत होती. तेव्हापासून काळ्या कुंड्यांना गोणपाट गुंडाळले, स्लॅबपासून वर उचलण्यासाठी खाली विटा दिल्या आणि पश्चिमेच्या रांगेपुढे रिकाम्या कुंड्यांची एक ओळ आडोसा म्हणून उभी केली. ५० टक्के सावलीची हिरवी जाळी होतीच, पण ती मी पूर्वी झाडांच्या अगदी डोक्याला टेकेल अशी बांधत असे. आता ती दोन हात वर बांधली आहे, त्यामुळे खालून वारा खेळतो.

बाकी दिनक्रम तुमच्यासारखाच असेल. पावणेसहाला गच्चीवर जाते, सात वाजेपर्यंत पाणी आणि पाहणी उरकते. पाहणी म्हणजे मुख्यत्वे पानांची उलटी बाजू, कारण या कोरड्या हवेत लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी ठिपक्याएवढी कीड, आठवड्याभरात पिढी वाढवतो. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारायची आणि कागदावरचे ठिपके चालू लागले तर पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा मारायचा. टोमॅटोची फुले गळत आहेत आणि गळणारच. पारा ३५ च्या वर गेला आणि रात्रीही हवा उबदार राहिली की परागकण निकामी होतात, त्याला खत हा उपाय नव्हे. भेंडी, गवार आणि चवळी मात्र मजेत आहेत. मोगऱ्याचा हाच बहर असल्यामुळे दुपारी चारला टपोऱ्या कळ्या खुडून ओल्या फडक्यात ठेवल्या की दिवेलागणीला घर भरून जाते. या एका वासासाठी मी मे महिना माफ करते.

आता अडचण सांगते. मार्चमध्ये मला दिवसाला ६० लिटर पाणी पुरत होते, आज ११० लागते, आणि गुरुवारी नळाला पाणी नसते. घरात ए.सी.चे, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचे आणि डाळ-तांदूळ धुतलेले अशी तीन प्रकारची पाणी निघतात. त्यांतले कोणते झाडांना चालते आणि तुम्ही सगळे मेमधला हिशेब कसा जमवता, हे अनुभवाने सांगावे.

शंकेखोर (नाशिक)

लेख आवडला, पण एका मुद्द्यावर हरकत आहे. तुम्ही जास्त पाण्याची भीती घातली आहे; माझ्याकडे नेमके उलट घडले. माझ्या कुंड्यांत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पुष्कळ आहे. ते एकदा पूर्ण वाळले की आक्रसते, कुंडीच्या कडेला बोटभर फट पडते आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकाने बाहेर येते. बाहेर आलेले पाणी पाहून मी समाधानाने खाली उतरत असे, आणि आतला गड्डा भुश्यासारखा कोरडा राहत असे. अशा रीतीने दोन गुलाब गमावले. तेव्हा "दुपारी पाणी घालू नका" हे वाचून कोणी सकाळीही हात आखडता घेऊ नये.

आता मी आधी पेलाभर पाणी घालून पुढे जातो आणि पंधरा मिनिटांनी त्याच कुंडीकडे परत येऊन उरलेले पाणी घालतो. पहिल्या पाण्याने माती फुगून फट मिटते आणि दुसरे पाणी आत मुरते. ज्या कुंड्या अगदीच हाताबाहेर गेल्या त्या पाणी भरलेल्या टबात अर्धा तास बुडवून ठेवल्या, तेव्हा बुडबुडे येणे थांबेपर्यंत वाट पाहिली.

गच्चीवरची_माती (पुणे)

शंकेखोर, हरकत मान्य आहे आणि ती माझ्या मूळ लेखातच यायला हवी होती. बोट घालून पाहण्याबरोबर मी कुंडी किंचित उचलूनही पाहते. भिजलेली आणि कोरडी कुंडी यांच्या वजनातला फरक हाताला चार दिवसांत कळू लागतो. पिंपे उचलता येत नाहीत आणि माझे लिंबू पिंपातच गेले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

संत्रानगरी (नागपूर)

ताई, तुमचे ४६ अंश वाचून हसू आले, कारण आमच्याकडे एवढे तापमान कधीकधी हवेचेच असते. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे भर उन्हाळ्यातले अति तापलेले नऊ दिवस, लागला की दुपारी अकरा ते पाच गच्चीचे दार आम्ही उघडतच नाही.

पाण्याबद्दल मात्र गंभीरपणे लिहिते. विदर्भात घरोघरी कूलर असतो आणि कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून ते झाडांना घालण्याची पद्धत आहे. मी हे चार उन्हाळे केले. शेवंती, कडीपत्ता आणि अनंत यांच्या पानांची टोके व कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या. ऊन लागले असे समजून मी झाडे सावलीत नेली, तरी तेच. शेवटी कुंडीच्या काठावर आणि मातीवर जमलेली पांढरी खर पाहून प्रकाश पडला. कूलरमधून उडते ते निव्वळ पाणी. क्षार सगळे टाकीतच राहतात आणि आपण रोज नवे पाणी भरून त्यांत भर घालत जातो. आठ दिवसांनी टाकीत जे उरते ते आमच्या बोअरच्या मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारे असते.

ऊन लागले की क्षार, हे पानावरून ओळखता येते. उन्हाचा चट्टा सूर्याकडे तोंड असलेल्या पानांवर, बहुधा पानाच्या मध्यभागी, फिकट पांढुरका असा पडतो. क्षारांचे करपणे जुन्या पानांच्या टोकापासून सुरू होऊन कडेने आत सरकते. यावरून तुमच्या प्रश्नाचे उत्तरही निघते. ए.सी.चे पाणी हवेतल्या बाष्पाचे असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात, ते खुशाल घाला. शुद्धीकरण यंत्राने बाहेर टाकलेल्या पाण्यात मात्र मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षार असतात. ते कुंड्यांना न घालता फरशी पुसायला वापरावे. डाळ-तांदळाचे धुवण चालते, फक्त ते त्याच दिवशी घालावे, नाही तर आंबूस वास येतो आणि चिलटे जमतात. आणि महिन्यातून एकदा तरी चांगल्या पाण्याने कुंडी खालून धार लागेपर्यंत भिजवली, तर साठलेले क्षार धुऊन निघतात.

उत्तर_गॅलरी (ठाणे)

गच्ची नसलेल्यांच्या वतीने लिहितो. माझी एकुलती एक गॅलरी उत्तरेकडे आहे. तिथे ऊन येत नाही म्हणून मी नेचे, मनीप्लांट आणि अंथुरियम ठेवले होते आणि वर्षातले आठ-नऊ महिने ते सुखात असत. दरवर्षी मेमध्ये त्यांची पाने भाजत आणि मी दरवर्षी पाणी वाढवत असे.

कारण आकाशात होते. आपल्या अक्षांशावर मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. तोच शून्य सावलीचा दिवस. पुण्यात तो १३-१४ मेच्या आसपास आणि मुंबई-ठाण्यात त्यानंतर दोन-तीन दिवसांनी येतो. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. उगवतो आणि मावळतो तर तो मार्चअखेरपासूनच पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेकडे सरकून. म्हणजे जी गॅलरी डिसेंबरात दिवसभर अंधारी असते तिच्यात मेमध्ये सकाळी आणि दुपार टळल्यावर तिरपे, झोंबरे ऊन शिरते. मी कठड्यावर खडूने रोज चारची सावली आखली, तेव्हा डोळ्यांनी ती सरकताना दिसली. आता १ मेला नेचे घरात येतात आणि त्यांच्या जागी मी वर्षभर उन्हाला वखवखलेली मिरचीची दोन झाडे ठेवतो. आमच्याकडे मिरची फक्त या तीन महिन्यांत लागते.

परसदार (न्यू जर्सी)

आमचा भर उन्हाळा जुलैत असल्याने सध्या मी केवळ वाचक आहे, पण उत्तर_गॅलरी यांच्या मुद्द्याला जोड देते. माझा कडीपत्ता ऑक्टोबर ते मे घरात खिडकीशी असतो. पहिल्या वर्षी मे संपता संपता एका सकाळी तो मी थेट अंगणातल्या उन्हात नेऊन ठेवला आणि तीन दिवसांत त्याची पाने पांढरी पडली. सावलीत वाढलेले पान उन्हाला तयार नसते, मग ते ऊन नागपूरचे नसले तरी. आता आठवडाभर रोज तास-तासभर वाढवत बाहेर काढते. तुमच्याकडेही रोपवाटिकेच्या जाळीखालून आणलेले रोप मेमध्ये सरळ गच्चीवर ठेवू नये, असे वाटते.

जांभ्यावरचा (रत्नागिरी)

आमच्याकडे हवा दमट, त्यामुळे पाने तुमच्यासारखी कोरडी करपत नाहीत. आमचे दुखणे जमिनीचे आहे. जांभ्यावर वीतभर माती, तिच्यात घातलेले पाणी चाळणीत घातल्यासारखे जाते, आणि मेअखेर विहिरीत कळशी बुडेल एवढेच पाणी उरते. म्हणून जुन्या माणसांनी पाणी घालण्यापेक्षा ते राखण्याकडे अधिक लक्ष दिले. नारळाच्या आळ्यात सोडणे, म्हणजे नारळाची साले, पुरायची आणि वर झावळ्या व पातेरा पसरायचा. एकदा शिंपलेले सोडण हाताने पिळले तर दोन दिवसांनीही ओल लागते. शहरात नारळपाणीवाल्याकडे शहाळ्यांचा ढीग पडलेला असतो. त्यांचे तुकडे करून कुंडीच्या तळाशी नव्हे, मातीच्या वर पालथे मांडावेत. पालापाचोळा तर फुकट आहे, तरी लोक तो पोत्यात भरून कचऱ्यात देतात आणि कुंडीत उघडी माती ठेवतात, हे मला आजवर उमगलेले नाही.

दुसरे, माझी आजी चैत्र-वैशाखात तुळशीवर गळती बांधत असे. तिपाईवर मडके, मडक्याला बुडाशी बारीक भोक, भोकात दर्भाची काडी किंवा कापसाची वात. थेंब थेंब पाणी दिवसभर मुळाशी. तिच्या दृष्टीने तो धर्म होता आणि आता आम्ही त्यालाच ठिबक म्हणून अनुदान मागतो. वात पिळून घट्ट बसवली की तांब्याभर पाणी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पुरते. चार मडकी बांधून गुरुवार निभावता येईल.

मांजराकाठ (लातूर)

इथे लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार करत होते. तुम्ही ६० आणि ११० लिटरचा हिशेब मांडला आहे, म्हणून मला २०१६ चा उन्हाळा आठवला. नळ कोरडे होते, पाण्यावरून भांडणे होऊ नयेत म्हणून पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावली होती, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या आणि त्यांत ५ लाख लिटर पाणी. ज्या शहराला पिण्यासाठी रेल्वेने पाणी येते तिथे मोगऱ्याला पाणी घालायचे की नाही, हा प्रश्न मला तेव्हा रोज पडत होता.

आमच्या अंगणात तीस-पस्तीस झाडे होती. मी आणि सासूबाईंनी एका संध्याकाळी बसून यादी केली. अबोली, शेवंती आणि गुलाब यांना पाणी बंद. कोरफड आणि कडुनिंबावरची गुळवेल यांना पाणी लागतच नव्हते. जाईचा वेल गुडघ्याएवढा ठेवून वरचा सगळा कापला, कारण पानेच नसली तर उडणारे पाणीही कमी. तुळस आणि जाईचे खोड यांच्यासाठी भांडी विसळलेले पाणी ठेवायचे. त्यासाठी सासूबाईंनी साबण सोडून पुन्हा राख वापरायला घेतली. ते दोन तांबे मी अंधार पडल्यावर घालत असे. पाणी खरकटेच होते, तरी शेजारच्यांच्या घागरी रांगेत असताना उजेडी झाडाला पाणी घालण्याचे मला धाडस झाले नाही.

अबोली पंधरा दिवसांत गेली. जाई जुलैत फुटली आणि ती आजही आहे. तेव्हापासून दर फेब्रुवारीत मी झाडांची यादी करते आणि ज्यांना मे झेपणार नाही अशी झाडे घेतच नाही. गच्चीत ४२ झाडे पाहिजेतच का, असे विचारण्याचा माझा अधिकार नाही, पण विचार करून पाहा.

गच्चीवरची_माती (पुणे)

सर्वांचे आभार. मांजराकाठ, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला आणि नंतर वही घेऊन वर गेले. तुमच्या रीतीने यादी केली, तेव्हा असे दिसले की ११० पैकी ३० लिटर पाणी मी सात टोमॅटो आणि तीन काकड्यांना घालत होते, आणि त्यांतल्या टोमॅटोला सध्या फळ धरणार नाही हे तर मी स्वतःच वर लिहिले आहे. ती झाडे काल काढली. चिरून लिंबाच्या नव्या कलमाच्या पिंपात आच्छादन म्हणून पसरली. टोमॅटोवर कोळी असल्याने तो भाग मात्र वगळला.

संत्रानगरी, शुद्धीकरण यंत्राचे पाणी आता मोरीत जाते. माझ्या कडीपत्त्याच्या कडा का करपत होत्या हेही त्यामुळे कळले. ए.सी.चे रात्रभरात पाच-सहा लिटर मिळते, ते त्यालाच देते आहे. जांभ्यावरचा, कुंभारवाड्यातून चार मडकी आणली. पहिल्या दिवशी वात सैल बसली आणि तुळशीचे वृंदावन तासाभरात तळे झाले. आज सकाळी बांधली ती संध्याकाळी पाचला अजून थेंब देत होती. एकूण पाणी ७५ लिटरवर आले आहे.

लिंबाचे सांगायचे राहिले. मंगळवारी दुपारी नव्या कलमाने हुबेहूब गेल्या वर्षीसारखी पाने सोडली. हातात झारी होती. ती खाली ठेवली आणि दार लावून घरात आले. साडेसहाला पाने पुरती सावरली नव्हती, त्यामुळे रात्री झोप धड लागली नाही. बुधवारी पावणेसहाला वर गेले तेव्हा झाड ताठ होते आणि शेंड्याला तांबूस पालवी फुटली होती. त्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, लिंबावरच्या फुलपाखराच्या दोन अळ्या अगोदरच जेवायला बसल्या होत्या. त्या उचलून कडीपत्त्यावर नेऊन सोडल्या, तोही त्यांना चालतो.